वाचकांचे प्रश्न : गायीची जात आणि तुपाचा घट्टपणा

प्रश्न : आमच्या गोठ्यात एक गवळाऊ (आमच्याकडील देशी जात), एक जर्सी संकरित आणि एक होल्स्टिन संकरित गाय आहे. संकलन केंद्रावर होल्स्टिनच्या दुधाला ३.६ च्या आसपास, तर जर्सीच्या दुधाला ४.६ फॅट लागते. यंदा तिघींचे लोणी वेगवेगळे कढवले, तेव्हा जर्सीचे तूप पिवळे आणि घट्ट, तर होल्स्टिनचे मऊ निघाले. जास्त फॅटमुळे तूप जास्त निघावे, हे समजते. पण त्याचा गुणही कसा बदलतो?
— एक वाचक, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा

उत्तर : केंद्रावरील यंत्र दुधात स्निग्धांश किती आहे एवढेच सांगते, तो कोणत्या स्निग्धाम्लांचा (फॅटी ॲसिडांचा) बनला आहे, हे त्या आकड्यातून कळत नाही. तूप घट्ट होणार की मऊ, हे मात्र मुख्यतः त्या स्निग्धाम्लांवरच ठरते.

दुधातील लहान साखळीची स्निग्धाम्ले आणि तूप घट्ट करणारे पामिटिक आम्ल सुमारे निम्मे कासेतच तयार होते. त्यासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे कडबा-कुटारातील तंतू पोटात आंबताना तयार होणारे ॲसिटिक आम्ल. ओलेइकसारखी लांब साखळीची आम्ले रक्तातून, म्हणजे खाद्यातील तेलातून किंवा गायीच्या अंगावरील चरबीतून येतात. जर्सीच्या दुधात पहिल्या गटाचे प्रमाण काहीसे अधिक आणि ओलेइक कमी असते, तर होल्स्टिनमध्ये ओलेइक अधिक असते. ते मऊपणा आणते. या फरकामागे आनुवंशिकताही आहे. डीजीएटी-१ नावाच्या जनुकाचे एक रूप स्निग्धांशाची टक्केवारी वाढवते, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले; ते पामिटिक आम्लही वाढवते, हे नंतरच्या अभ्यासांत दिसले. हे रूप जर्सीत बरेच आढळते आणि आपल्या वशिंडाच्या देशी गायींमध्ये तर बहुतांशी तेच असते. पिवळा रंग हा कॅरोटीन या रंगद्रव्याचा आहे, त्याचा घट्टपणाशी संबंध नाही. म्हैस कॅरोटीनचे अ-जीवनसत्त्वात रूपांतर करते, म्हणून तिचे तूप पांढरे असते, तरी ते रवाळ असते.

तथापि आपल्या भागात केवळ जातीवर बोट ठेवणे मला घाईचे वाटते, कारण विदर्भातील गोठ्यांत सरकी आणि सरकीची ढेप भरपूर वापरली जाते. कासेत स्टिअरिक आम्लाचे ओलेइकमध्ये रूपांतर करणारे एक विकर (एन्झाइम) असते. सरकीच्या तेलातील सायक्लोप्रोपीन गटाची आम्ले त्याला अडवतात. त्यामुळे स्टिअरिक वाढते, ओलेइक घटते आणि तूप कडक होते. घाणीच्या ढेपेत तेल जास्त राहत असल्याने तिचा परिणामही अधिक होतो. कापूस पट्ट्यातील तुपाचा हा स्वभाव इतका ठळक आहे की ॲगमार्क या शेतमालाच्या सरकारी दर्जा-चिन्हाच्या नियमांत त्याच्यासाठी वेगळे निकष ठेवावे लागले. लहान साखळीच्या आम्लांचा अंदाज देणाऱ्या रायकर्ट-माइसल मूल्याची किमान मर्यादा तेथे कमी आहे. नाहीतर आपल्याकडील शुद्ध तूपही भेसळीचे ठरले असते, आणि तो शेतकऱ्यावर मोठाच अन्याय झाला असता.

म्हणून आपण प्रथम हे पाहावे की तिन्ही गायींना ढेप सारखीच मिळते काय. जास्त दूध देणाऱ्या गायीपुढे जास्त ढेप ठेवण्याची आपल्याकडे रीतच आहे. होल्स्टिन नुकतीच व्यालेली असेल, तर त्या काळात ती अंगावरची चरबी वितळवून दूध देते. त्यातून ओलेइक वाढते आणि तूप मऊ होते, म्हणजे हा फरक जातीचा नसून वेताच्या अवस्थेचा असू शकतो. जातींची खरी तुलना करायची असेल, तर साधारण एकाच अवस्थेतील गायी निवडून त्यांना काही आठवडे एकसारखे वैरण आणि सारखीच ढेप द्यावी. सकाळ-संध्याकाळचे पूर्ण दूध एकत्र करावे, कारण पहिल्या धारांपेक्षा शेवटच्या धारांत स्निग्धांश कितीतरी अधिक असतो. तूपही सारख्याच भांड्यात आणि सारख्याच गतीने थंड होऊ द्यावे. सावकाश थंड झालेल्या तुपाचा रवा मोठा, तर झटकन थंड झालेल्याचा बारीक होतो.