बेसिनमध्ये बसणारा बोका आणि इतर पत्रं

या महिन्याच्या टपालात मांजरांच्या तऱ्हेवाईक सवयींची पत्रं बरीच आहेत. नाशिकचं पत्र मी सगळ्यांत आधी घेतेय. ज्यांच्या घरी बोका आहे, त्यांनी निदान हे एक पत्र वाचाच. बाकीची सवडीने वाचलीत तरी चालेल.

"डॉक्टर, आमचा साडेतीन वर्षांचा बोका कालपासून वॉशबेसिनमध्ये जाऊन बसतोय. खाली उतरवला की पुन्हा चढतो. मधेच बाथरूमच्या फरशीवर बसतो, उठतो, दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो. मागचा भाग सारखा चाटतो. घरात सगळे हसतायत, मुलीने व्हिडिओही काढलाय. पोट साफ होत नसेल का? एरंडेल देऊ का?"
– एक वाचक, नाशिक

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी फोन केला आणि तुम्ही सकाळची वाट न पाहता रात्रीच त्याला दवाखान्यात नेलंत. त्यामुळे तो वाचला. तुमच्या परवानगीने इथे सगळं सविस्तर लिहिते.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. लघवीतले बारीक खडे आणि चिकट स्राव मिळून तिथे बूच बसतं, आणि लघवी तुंबते. तो पुन्हापुन्हा बसतो तो शी करायला नाही, लघवी करायला. आणि ती होत नाही. मूत्राशय ताणत जातं, मूत्रपिंडांचं काम थांबतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि शेवटी हृदयाचे ठोके बिघडतात. २४ ते ४८ तासांत जनावर हातचं जाऊ शकतं. अशा बोक्याच्या पोटाखालून हात घातला की मागच्या पायांच्या जरा पुढे लिंबाहून मोठा, टणक गोळा हाताला लागतो आणि तो कळवळून ओरडतो. हे घरी करून बघू नका. ताणलेलं मूत्राशय दाबाने फुटू शकतं. भूल देऊन, बारीक नळी घालून बूच मोकळं करणं हाच इलाज.

आता बेसिनबद्दल. उन्हाळ्यात कितीतरी मांजरं गारव्यासाठी बेसिनमध्ये पसरतात, त्यात काळजीचं काही नसतं. पण ती तिथे झोपतात. तुमचा बोका तिथे झोपत नव्हता, टेकत होता आणि उठत होता. लघवीला जळजळ होणारी मांजरं पुष्कळदा गार, गुळगुळीत जागा शोधतात. मांजर सहसा दुखणं दाखवत नाही, त्यामुळे एखादी सवय किती विचित्र आहे यापेक्षा ती कधीपासून आहे, हे मी आधी विचारते. पाच वर्षं कपाटावर चढून बसणारं मांजर खुशाल बसू दे. काल-परवापासून कपाटाखाली जाऊन बसलेलं मांजर मात्र तपासून घ्या.

एरंडेल देऊ नका. आणि माणसांची दुखण्यावरची कुठलीही गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल तर नाहीच नाही. ते पचवून बाहेर टाकण्याची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. एक गोळीसुद्धा जीव घेते.

घरी आल्यावर त्याच्या पोटात जास्त पाणी कसं जाईल ते बघा. नुसतं कोरडं खाणं बंद करून ओलं द्या, त्यात आणखी दोन चमचे कोमट पाणी घाला. पाण्याची भांडी जेवणाच्या भांड्यापासून लांब, घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा. आणि शी-लघवीचे ट्रे, जितकी मांजरं त्याहून एक जास्त ठेवा.

"ताई, आमचं घर पूर्ण शाकाहारी. मनीला दूध-पोळी, दहीभात, कधी तूपभात देतो. तरी ती पाली खाते, आणि परवा तर उंदीर थेट देवघरासमोर आणून ठेवला! सासूबाई फार चिडल्या. श्रीखंड दिलं तर हुंगून निघून जाते, बासुंदीची नुसती साय चाटते. एवढं चांगलंचुंगलं देऊनही असं का?"
– एक वाचक, सांगली

कारण तिला भूक आहे, आणि पोटभर दूध-पोळी खाऊनही ती भागत नाही. मला या पत्राने खरंच वाईट वाटलं. तुम्ही तिच्यावर किती माया करता ते पत्रभर दिसतंय.

मांजराला गोड कळतच नाही. जिभेवर गोड ओळखणारा जो ग्राहक असतो, तो बनवण्यासाठी दोन जनुकं लागतात. त्यातलं एक मांजरात पार निकामी झालेलं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे २००५ मध्ये दाखवलं, आणि वाघ-चित्त्यांतही तेच सापडलं. तुमच्या श्रीखंडातली साखर मनीपर्यंत पोचत नाही. साय चाटते ती स्निग्धतेसाठी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे टॉरिन. हा घटक मांस-मासळीत असतो, धान्यात नसतो आणि दुधात अगदी नावापुरता. आपलं शरीर तो पुरेसा तयार करतं, मांजराचं करत नाही. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा झिजत जातो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. हृदयाचा हा आजार टॉरिनअभावी होतो हे १९८७ मध्ये सिद्ध झालं, आणि त्यानंतर तयार कॅटफूडमध्ये टॉरिन वाढवण्यात आलं. अ जीवनसत्त्वाचंही तेच: गाजरातून ते आपल्याला मिळतं, मांजराला मिळत नाही. शिवाय मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, जुलाब होतात. तुम्ही 'अधूनमधून पोट बिघडतं' असं लिहिलंय, त्याचं कारण दूधच असण्याची शक्यता जास्त.

तुमच्या स्वयंपाकघरात मांस शिजवा असं मी म्हणणार नाही. तुमचा आचार तुमचा आहे. पण मांजरांसाठीचं, 'संपूर्ण आहार' असं छापलेलं तयार खाणं आणा. ते शिजवावं लागत नाही, तिचं ताट गॅलरीत वेगळं ठेवता येतं. कुत्र्याचं खाणं चालणार नाही, त्यात टॉरिन पुरेसं असेलच असं नाही. ज्यांच्याकडे मांसाहार चालतो त्यांनी बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन द्यावं, आणि ज्यात ते उकडलं ते पाणीही द्यावं, कारण बरंचसं टॉरिन त्या पाण्यात उतरतं. कांदा-लसणाचं कालवण आणि खारवलेली मासळी नको.

उंदराचं म्हणाल तर सासूबाईंना सांगा, तिने देवाचा अवमान केलेला नाही. शिकार उघड्यावर न खाता निर्धास्त जागी आणायची, ही मांजराची रीत. तुमच्या घरात तिला सगळ्यांत शांत कोपरा देवघराचा वाटला, एवढंच. पोटभर मांसल खाणं मिळायला लागलं की शिकार घरी आणणं बहुधा कमी होतं; पुरतं थांबेल असं मात्र सांगत नाही.

"परसातलं तण उपटून बांधावर टाकलं होतं. आमची दोन्ही मांजरं त्यावर जाऊन लोळली, गाल घासले, लाळ गाळली, एकमेकांवर धावून गेली. पाव तासाने जशी काही झालंच नाही अशी निघून गेली. शेजारचे म्हणाले, बाधा झाली. विषारी असेल का?"
– एक वाचक, राजापूर

सोबत वहीत दाबून पाठवलेली डहाळी फार उपयोगी पडली. लांब देठाची दातेरी पानं, पानांच्या बगलेतून निघालेली काडी आणि तिच्यावर खोलगट, झालरीसारखी हिरवी पानं. ही खोकली. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, कुंडीत, पडक्या भिंतीपाशी कुठेही उगवते. उभी असते तोवर मांजरं तिच्याकडे फारसं बघत नाहीत. उपटली आणि मूळ उघडं पडलं की वेडावतात. मी चिपळूणला दवाखान्यामागची खोकली उपटते तेव्हा आळीतली मांजरं कुठून कुठून जमा होतात!

मुळातल्या काही द्रव्यांच्या वासाने हे होतं. परदेशात 'कॅटनिप' नावाची जी वनस्पती खेळण्यांत भरून विकतात, तिच्यातलं द्रव्य याच कुळातलं. कॅटनिपचा असर साधारण तीनातल्या दोन मांजरांवर होतो, तो आनुवंशिक असतो, आणि अगदी लहान पिल्लांवर होत नाही. जपानात माताताबी नावाची वेल आहे, तिच्यावरही मांजरं अशीच लोळतात. इवाते विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की त्या वेळी मांजराच्या शरीरात सुखाची भावना देणारं एन्डॉर्फिन वाढतं, आणि अंगाला लागलेल्या रसामुळे डासही कमी बसतात. कोकणातल्या पावसाळ्यात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तेव्हा बाधा वगैरे काही नाही. लोळू द्या. मुद्दाम खायला मात्र घालू नका, आणि त्या पाव तासात उचलून घ्यायला जाऊ नका, बोचकारतील.

"नारिंगी मांजर नेहमी बोकाच असतं का?"
– एक वाचक, अकोला

नेहमी नाही, पण पाचांतले चार बोके असतात. नारिंगी रंग ठरवणारा बदल 'एक्स' गुणसूत्रावर असतो. नराला एकच 'एक्स', त्यावर बदल असला की काम झालं. मादीला तो दोन्हींवर लागतो. एकावरच असला तर ती काळी-नारिंगी ठिपक्यांची होते, म्हणून तशी मांजरं जवळजवळ सगळी माद्याच. हा बदल नेमका कुठे आहे ते जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०२५ मध्ये शोधून काढलं.

"माझी मांजर रोज रात्री माझ्या पोटावर चढून पंजांनी तिंबते, डोळे मिटून घुरघुरते आणि शालीचं टोक चोखते. नखं लागतात, पण ढकलवत नाही."
– एक वाचक, पुणे

ढकलू नका. पिल्लू असताना आईचं दूध सुटावं म्हणून ती आचळांभोवती असंच दाबायची. मोठेपणी ती हे फक्त निर्धास्त असताना करते. तळव्यांत गंधग्रंथी असतात, त्यामुळे शालीला तिचा वासही लागतो. नखांची फक्त पांढरी टोकं कापा, आतल्या गुलाबी भागाला कात्री लागू देऊ नका, आणि मांडीवर जाड चादर घ्या.

चोखण्यावर मात्र नजर ठेवा. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लांत ही सवय जास्त दिसते. चोखणं ठीक, पण धागे गिळायला लागली तर शाल काढून घ्या. लोकर, मांजा, केसांचं रबर, सुईतला दोरा हे आतड्यात अडकून आतडं चुणीसारखं गोळा होतं आणि कापलं जातं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. तसंच डॉक्टरांकडे न्यायचं.

"मी चौथीत आहे. मी मोत्याला हाक मारली की तो शेपूट हलवत येतो. चिनीला हाक मारली की ती फक्त कान हलवते. तिला तिचं नाव माहीत नाही का?"
– एक छोटी वाचक, डोंबिवली

माहीत आहे! जपानमधल्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये हेच तपासलं. त्यांनी मांजरांना आधी चार वेगळे शब्द ऐकवले आणि मग त्यांचं नाव. नाव आल्यावर पुष्कळ मांजरांनी कान वळवले, मान वळवली. जागेवरून उठली मात्र अगदी थोडी. तुझी चिनी कान हलवते, म्हणजे तिने तुला 'ओ' दिलेली आहे.

आता तू एक करून बघ. तिच्यापासून जरा लांब खाली बस, टक लावून बघू नकोस. डोळे हळूच अर्धे मीट, मग पूर्ण मीट, मग हळूच उघड. बहुतेक तीही तसंच करेल. इंग्लंडमध्ये २०२० मध्ये झालेल्या अभ्यासात असं करणाऱ्या माणसाजवळ मांजरं जास्त आनंदाने आली होती. काय झालं ते मला लिहून कळव. आणि तिने ओरबाडलं किंवा चावली, तर लगेच आईला सांग. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. घाबरायचं नाही, पण लपवायचंही नाही.

"आमच्या मांजरीने माळ्यावर चार पिल्लं घातली. तिथून पेंढ्यात नेली, तिथून धान्याच्या कणगीमागे, आता न्हाणीशेजारी. सात घरं फिरवल्याशिवाय पिल्लांचे डोळे उघडत नाहीत म्हणतात. आता नातवंडं घरी आली आहेत, पिल्लं हातात घ्यायला बघतात. घेऊ देऊ का?"
– एक आजी, गडहिंग्लज

आजी, डोळे सात ते चौदा दिवसांत आपोआप उघडतात, एकाच जागी राहिली तरी. पण फिरवणं खरं आहे, आणि त्यामागे तिची मोठी काळजी आहे. जागेला वास यायला लागला, येजा वाढली, की ती पिल्लं हलवते. परका बोका आसपास घुटमळत असेल तर जास्तच, कारण असे बोके दुसऱ्याची पिल्लं मारतात. माळ्यावरून का हलवली हे तुम्हीच शोधा: रात्री बोक्याचं ओरडणं ऐकू येतं का?

नातवंडांना पहिले दोन आठवडे लांबून बघू द्या. न्हाणीशेजारची जागा ओली असेल, तर जवळच कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात एक खोकं आडवं ठेवा, त्यात जुनं लुगडं घाला आणि बाजूला व्हा. पटलं तर तीच नेईल. तिथली फरशी फिनाईलने पुसू नका, मांजरांना ते बाधतं. तिसऱ्या आठवड्यापासून मुलांना रोज थोडा वेळ, खाली बसून, मांडीवर घेऊ द्या. अशी पिल्लं पुढे माणसाळलेली राहतात. मानेला धरून उचलायचं काम मात्र आईचंच, आपण छातीखाली आणि पायांखाली हात द्यायचा.

तिला सध्या दुप्पट खायला घाला. आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून तोवर बोक्यापासून जपा. दोन महिन्यांनी पिल्लं दूध सोडतील, त्यानंतर दोनेक आठवड्यांनी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तिच्या ऑपरेशनची चौकशी करा.