हात फिरवला की उजळणारं पॅनेल: बोर्ड नंतर निवडा, आधी एक कोपरा पूर्ण करा

आराखड्यासोबत तुम्ही पाठवलेला प्रश्न असा आहे ना: प्रदर्शनात मांडायचंय, चौघांचा गट, हातात सहा आठवडे, ३२ × ३२ एलईडींचं पॅनेल, समोरून हात फिरवला की मागोमाग रंग उमटायला हवा, तर आर्डुइनो (एकच प्रोग्रॅम चालवणारा साधा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घ्यायचं की रास्पबेरी पाय (तळहाताएवढा पूर्ण संगणक)?

बोर्डाचं शेवटी ठरलं तरी काही अडत नाही. आधी बघणारा काय करणार आणि पॅनेल काय करणार, हे एका वाक्यात लिहा. ‘हात जवळ आला की खालचा भाग उजळतो, हात गेला की हळूहळू विझतो.’ बस. गेम, संगीत, मोबाइल ॲप हे सगळं वेळ उरला तर. (उरत नाही.)

आता ३२ × ३२ चा हिशेब. डब्ल्यूएस२८१२बी जातीची (प्रत्येकीचा रंग एकाच डेटा वायरवरून वेगळा ठरवता येतो अशी) एक एलईडी पूर्ण पांढरी पेटली की साधारण ६० मिलिअँपिअर ओढते. १०२४ एलईडी म्हणजे ६१ अँपिअर. ५ व्होल्टला ३०० वॅटच्या वर. एका एलईडीचा डेटा पाठवायला ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एक अख्खी फ्रेम (पॅनेलवरचं एक पूर्ण चित्र) जायला ३१ मिलिसेकंद. आणि एका एलईडीला ३ बाइट धरले तर ३०७२ बाइट. उनोची (आर्डुइनोचा नेहमीचा बोर्ड, आर३ आवृत्ती) रॅमच मुळात २०४८ बाइट. आकार १२ × १२ वर आणा, मग बघा: १४४ एलईडी, जास्तीत जास्त ८.६ अँपिअर, ४३२ बाइट, एका फ्रेमला सव्वाचार मिलिसेकंद. मीटरला ३० एलईडीवाली पट्टी घेतली तर दोन एलईडींतलं अंतर ३३ मिमी, म्हणजे पॅनेल ४० सेंमी चौरस. टेबलावर मांडायला पुरेसं मोठं आणि दोघांना उचलता येईल इतपत हलकं.

इथे बोर्डाचंही उत्तर मिळतं. या आकाराला उनो पुरतं. ईएसपी३२ हा जास्त ताकदीचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतलात तरी हरकत नाही, पण त्याच्या पिनवर ३.३ व्होल्ट येतात आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या या एलईडीला डेटासाठी किमान ३.५ हवेत. टेबलावर चालून जातं, लांब वायर जोडली की लुकलुकायला लागतं. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही ३.३ व्होल्टचा सिग्नल ५ व्होल्टचा करणारी चिप टाका. रास्पबेरी पायला ॲनालॉग इनपुटच (सेन्सरचं कमी-जास्त व्होल्टेज मोजणाऱ्या पिना) नाहीत, सुरू व्हायला वेळ लागतो, आणि प्रदर्शनात कुणी मध्येच प्लग काढला तर मेमरी कार्डातला डेटा खराब होऊ शकतो. कॅमेरा लावणार नसाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

खरं काम सेन्सरमध्ये आहे, आणि तुमच्या आराखड्यात त्याला एकच ओळ मिळालीय. पीआयआर सेन्सरला (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) कुणीतरी हललं एवढंच कळतं, हात कुठे आहे ते नाही. अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे) बरेच लावले की एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू येतो. तुमच्या कामाला इन्फ्रारेड एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टरची जोडी बरी: एलईडी डोळ्याला न दिसणारा प्रकाश टाकते, हातावरून परतलेला प्रकाश फोटोट्रान्झिस्टर टिपतो. प्रत्येक एलईडीचा एक कप्पा धरला तर दर २ × २ कप्प्यांमागे एक जोडी, म्हणजे ३६. वाचायला १६ चॅनेलचे ४०६७ मल्टिप्लेक्सर (अनेक सेन्सर आळीपाळीने एकाच पिनला जोडणारी चिप) तीन लागतील. इन्फ्रारेड एलईडी सहा-सहाच्या गटाने ट्रान्झिस्टरवरून चालवा, पिनवरून थेट नको.

आता गंमत बघा. फोटोट्रान्झिस्टरला फक्त इन्फ्रारेडच दिसतं असं नाही. साध्या, बिनफिल्टरच्या जातीला डोळ्याला दिसणारा प्रकाशही कळतो. हात आला, कप्पा उजळला, त्या उजेडाने सेन्सरला वाटलं हात अजून आहे, म्हणून कप्पा उजळलेलाच राहिला. पॅनेल स्वतःलाच शिवत बसतं. यावर उपाय: आधी इन्फ्रारेड बंद ठेवून एकदा वाचा, मग चालू करून वाचा, आणि वजाबाकी करा. खोलीतला उजेडही यातच वजा होतो. पण रंगीत एलईडी स्वतः वेगाने चालू-बंद होत असतात, त्यामुळे दोन वाचनांच्या मध्ये त्यांचा उजेड बदललेला असू शकतो. म्हणून अशा चारेक जोड्यांची सरासरी घ्या. उनोवर एक वाचन सुमारे ०.११ मिलिसेकंदाचं, म्हणजे सगळं धरून ३२ मिलिसेकंद. प्रतिसाद १०० मिलिसेकंदांच्या आत आला तर माणसाला तो लगेच आल्यासारखा वाटतो, तेव्हा सवड आहे. काळ्या आवरणाचे, दिसणारा प्रकाश अडवणारे फोटोट्रान्झिस्टर मिळाले तर तेच घ्या. मात्र सेन्सरवर थेट ऊन पडलं तर तो तुडुंब भरतो आणि वजाबाकीला काही उरतच नाही. जागा ठरवताना खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघा.

वरचं दुधी ॲक्रिलिकसुद्धा थोडं इन्फ्रारेड मागे परतवतं, त्यामुळे रीडिंग कधीच शून्य नसतं. सुरू होताना प्रत्येक सेन्सरचं रिकामं रीडिंग साठवा आणि पुढे ते सावकाश सुधारत राहा. हात असताना मात्र ते गोठवा, नाहीतर हात तिथेच ठेवला तर कप्पा आपोआप विझेल. ‘लागला’ आणि ‘सुटला’ यांच्या मर्यादा वेगळ्या ठेवा. एकच मर्यादा ठेवली की हात मर्यादेच्या काठावर असताना कप्पा फडफडतो.

पेटीची खोली आत्ताच ठरवा, ती सगळ्यावर परिणाम करते. ॲक्रिलिक एलईडीच्या फार जवळ असेल तर ठिपके दिसतात. दोन एलईडींमध्ये जितकं अंतर, साधारण तितकीच उंची ठेवून सुरुवात करा. तुमच्याकडे ३३ मिमी. कप्प्यांची जाळी ३ मिमी एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाची शीट) पट्ट्या निम्म्या उंचीपर्यंत खाचा पाडून एकमेकींत अडकवून होते. आतून पांढरा रंग द्या. पट्टी जिथून जाते तिथे भिंतीला खालून खाच लागेल. ती मोठी झाली की उजेड शेजारच्या कप्प्यात गळतो. इन्फ्रारेड एलईडी भिंतीच्या एका बाजूला आणि फोटोट्रान्झिस्टर दुसऱ्या बाजूला, दोन्ही ॲक्रिलिकला अगदी चिकटून बसवा. भिंत आपोआप आडोसा होते.

‘३ मिमी’ म्हणून आणलेली शीट नेमकी ३ मिमी असेलच असं नाही. कॅलिपरने मोजा, लेझर कटरवर वेगवेगळ्या रुंदीच्या खाचांचा एक कंगवा कापा, त्यातली घट्ट बसणारी खाच घ्या. पीव्हीसी लेझरखाली अजिबात घालू नका: क्लोरीनयुक्त वायू निघतात, माणसाला आणि मशीनला दोघांनाही वाईट.

वीज: पॉवर सप्लाय वेगळ्या बंद डब्यात ठेवा, मेन्सच्या टर्मिनलला बोट लागता कामा नये. ५ व्होल्ट पट्टीच्या एकाच टोकाला दिले तर दूरच्या टोकाचा पांढरा लालसर, पिवळट दिसू लागतो, कारण निळ्याला जास्त व्होल्टेज लागतं आणि तोच आधी मंदावतो. प्रत्येक ओळीला किंवा निदान एकाआड एक ओळीला वीज द्या. बोर्ड आणि पट्टीचा ग्राउंड एकच, सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डेटा लाइनला ३०० ते ५०० ओहमचा रोध, आणि फ्यूज. फास्टएलईडी या एलईडी चालवायच्या तयार कोड लायब्ररीत करंटची कमाल मर्यादा घालता येते, ती घालाच.

वेळापत्रकात पहिल्या दोन आठवड्यांत ४ × ४ चा एक कोपरा पूर्ण करा. खरी खोली, खरं ॲक्रिलिक, खरे सेन्सर, शेवटी जोडणार तेच कनेक्टर. ब्रेडबोर्डवरची (वायरी नुसत्या खोचून केलेली तात्पुरती) जुळणी यात धरत नाही. पुढे काय नडणार ते बहुतेक या कोपऱ्यातच कळतं. मग गटाबाहेरच्या कुणाला तरी त्याच्यासमोर उभं करा आणि तोंडाने काही सांगू नका. त्याला हात पुढे करावासा वाटला नाही, तर कुणी नसताना हळू श्वास घेतल्यागत चालणारा एखादा रंग सुरू ठेवा. एकदम सुंदर ॲनिमेशन लावलंत तर लोक लांबूनच बघून पुढे जातात, हे लक्षात असू द्या.

तिसरा आणि चौथा आठवडा जाळी आणि वायरिंगला, पाचवा कोडला. सहाव्यात नवीन काही जोडायचं नाही, फक्त तासन् तास चालू ठेवायचं आणि तुटेल ते दुरुस्त करायचं. मागचं झाकण स्क्रूचं ठेवा, गोंद नको. आणि सेन्सरच्या सुट्या जोड्या, फ्यूज, मीटरभर पट्टी आणि कोड भरलेला दुसरा बोर्ड प्रदर्शनाच्या दिवशी पिशवीत असू द्या.