नर्सिंग करून तरुणांमधला स्ट्रोक रोखण्याच्या संशोधनात करिअर करता येतं का? डॉक्टर असताना तिथे नर्सचं काम काय?

करता येतं, मी तेच करते. आधी न्यूरो आयसीयूत स्टाफ नर्स होते, मग एमएस्सी आणि पीएचडी केली.

नवी औषधं, शस्त्रक्रिया हा आमचा प्रांत नाही. लिहून दिलेली बीपीची गोळी पेशंट घरी गेल्यावर का सोडतो, हा आहे. आणि तरुण पेशंट ती बऱ्याचदा सोडतो. साधारण 10 ते 15 टक्के स्ट्रोक 18 ते 50 या वयात होतात. मानेतल्या धमनीचं अस्तर फाटणं किंवा हृदयातलं जन्मापासून उघडं राहिलेलं छिद्र, अशी कारणं या वयात जास्त दिसतात. पण रक्तदाब, सिगारेट, मधुमेह ही नेहमीची मंडळी इथेही असतातच. 32 देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात सुमारे 90 टक्के धोका दहा बदलता येणाऱ्या घटकांशी जोडलेला आढळला, त्यात रक्तदाब सर्वांत वर. म्हणजे काय करायला हवं ते बऱ्यापैकी ठाऊक आहे. तिशीतल्या माणसाच्या गळी ते उतरवायचं कसं, इथे घोडं अडतं. बीपी दुखत नाही, त्यामुळे ‘मला काही होतच नाही, मग गोळी कशाला?’ हे त्याचं म्हणणं त्याच्या परीने बरोबरच असतं.

आमचे अभ्यास इथूनच सुरू होतात. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला घरी बीपी मोजायचं यंत्र आणि नर्सचा ठरावीक दिवशी फोन. काही महिन्यांनी दोघांचे आकडे ताडून पाहायचे. किंवा ऑरासह मायग्रेन (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमक किंवा नागमोडी रेषा दिसतात तो प्रकार) असलेली, सिगारेट ओढणारी बाई इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर तिन्ही गोष्टी मिळून धोका वाढतो. हे तिन्ही प्रश्न तिला एकाच वेळी कोणी विचारतं का, हे तपासायचं.

रोजचं काम मात्र रुक्ष आहे. एथिक्स कमिटीची पत्रं, निधीचे अर्ज, फोन न उचलणारे सहभागी. तरुण लोक नोकरी बदलतात, नंबर बदलतात, आणि आमचा फॉलोअप कोलमडतो. निधी संपला की पदही डळमळतं, हे धरून चला.

संख्याशास्त्राला घाबरत असाल तर आत्ताच शिकायला लागा. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीवर 1858 मध्ये निवडून आलेली पहिली स्त्री फ्लोरेन्स नाइटिंगेलच होती, तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे. पीएचडीआधी दोनेक वर्षं वॉर्डात काढा, आणि गाइड ठरवण्यापूर्वी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी एकट्यात बोलून घ्या.