दारू सोडवण्यासाठी एफडी मोडावी का?

चिंचवडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मिस्टर चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर, हातात येणारा पगार ४८ हजार, घराचा हप्ता साडेसतरा हजार. बारा-तेरा वर्षं रोजची दारू. आता सकाळी हात थरथरतात, घोटभर घेतल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. मागच्या श्रावणात त्यांनी आपल्या मनाने एकदम बंद केली आणि दुसऱ्या दिवशी घरातच फिट आली. आता ते स्वतःहून उपचाराला तयार आहेत. एका रुग्णालयाने आठवडाभराच्या भरतीचा अंदाज ५० ते ६० हजार दिलाय. एक खासगी केंद्र तीन महिन्यांचे १ लाख ६५ हजार मागतंय, तेही आगाऊ. पैसे नसतील तर कर्जाची सोयही तेच करून देणार. दीर म्हणतात, गोळ्या आणू, घरीच सोडवू. घरात शिल्लक म्हणजे दोघांच्या नावावरची २ लाख ४० हजारांची एफडी, लेकीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी राखलेली. ती मोडावी का?

ताई, आठवड्याच्या भरतीवर खर्च करा. तीन महिन्यांचं पॅकेज आत्ता घेऊ नका. आणि एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज काढा.

आधी दीरांचं बघू, कारण फुकटात होणाऱ्या गोष्टीशी ५० हजारांची तुलना केली की ५० हजार नेहमी हरतात. पण घरी सोडणं तुमच्या बाबतीत फुकट नाही. रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की सहा-आठ तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होऊ शकतात. फिट येते ती बहुधा पहिल्या ४८ तासांत. काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास होतात, माणूस बरळतो, घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. ज्याला आधी एकदा फिट येऊन गेली आहे त्याला पुढच्या वेळी ती येण्याचा धोका जास्त असतो. मी डॉक्टर नाही, भरती करायचं की नाही हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. मात्र श्रावणातली फिट त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा. ती लपवून घेतलेला सल्ला उपयोगाचा नाही.

रुग्णालयात त्या आठवड्यात नेमकं काय विकत घेतो आपण? लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं, जी लक्षणं बघून दिली जातात आणि पाच-सात दिवसांत उतरवत नेली जातात. बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची इंजेक्शनं. ती ग्लुकोजच्या सलाइनआधी द्यावी लागतात, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, यकृताच्या तपासण्या. आणि रात्री तीन वाजता नाडी बघणारं कुणीतरी. याच गोळ्या घरी आणून अंदाजाने दिल्या आणि वर त्यांनी चोरून दारू घेतली, तर श्वास मंदावण्याचा धोका आहे. जेवणात गुपचूप कालवायची पावडरही कुणीतरी सुचवेलच. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू पोटात गेली की जबर त्रास देणारं औषध, असेल आणि माणसाला पत्ताच नसेल, तर वरून घेतलेली दारू थेट आयसीयूत नेते.

म्हणून ६० हजारांचा अंदाज असेल तर ९० हजारांची सोय ठेवा. वरचे ३० हजार आयसीयूचा एखादा दिवस लागला तर. भरतीआधी बिलिंगच्या टेबलावर तीन गोष्टी लेखी मागा: जनरल वॉर्डचा रोजचा दर, डॉक्टरांच्या व्हिजिटचे पैसे धरलेत का, आणि आयसीयूत हलवलं तर रोजचा आकडा. पुण्यातल्या सरकारी ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हेच उपचार फारच कमी खर्चात होतात. गर्दी आहे, रांग आहे, पण एकदा जाऊन विचारल्याशिवाय खासगी रुग्णालयाची अनामत भरू नका.

आता ते तीन महिने. डिटॉक्स, म्हणजे अंगातली दारू उतरवण्याचे आठवडाभराचे उपचार, झालं म्हणजे दारू सुटली असं नाही, त्यानंतर समुपदेशन लागतंच, आणि कित्येकांना निवासी उपचाराचा फायदा होतो. माझा आक्षेप आगाऊ पैशांना आहे. पहिला आठवडा कसा गेला, डॉक्टर पुढे काय म्हणतात, मिस्टरांना राहायचंय का, हे कळायच्या आत दीड लाखांहून जास्त अडकवायचे, आणि दहाव्या दिवशी ते घरी आले तर परताव्यासाठी भांडत बसायचं. केंद्रवाल्यांची कर्जाची सोय तर नकोच. दोन लाखांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर महिना सुमारे ६,८३५ रुपये हप्ता आणि एकूण ४६ हजारांच्या आसपास व्याज. घराच्या हप्त्यात हे मिळवा, म्हणजे अर्धा पगार तिथेच संपतो.

निवासी उपचार हवेच असतील तर येरवड्याचं मुक्तांगण बघा. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली सुरू केलेलं केंद्र, तिथला कार्यक्रम साधारण पाच आठवड्यांचा असतो. फिटचा इतिहास सांगून आधी रुग्णालय की थेट तिथे, हे विचारून घ्या. इतर कुठल्याही केंद्रात मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी दाखवा म्हणावं. दाखवायला टाळाटाळ झाली की उठून या.

विम्याचं विचारलंय तुम्ही, आणि जाऊबाईंची युक्तीही लिहिली आहे: पित्ताचा त्रास म्हणून भरती करायचं आणि कॅशलेस घ्यायचं. करू नका. केस पेपरवर दारूचा इतिहास येतोच, यायलाच हवा, औषधं त्यावर ठरतात. खोटी माहिती उघड झाली तर क्लेम जाईल आणि अख्ख्या कुटुंबाची पाच लाखांची पॉलिसीही रद्द होऊ शकते. पॉलिसीला पाच वर्षं झाली असली तरी फसवणुकीला संरक्षण नसतं.

खरा क्लेम मात्र जरूर टाका. बहुतेक पॉलिसींत व्यसनाच्या उपचारांची वगळणूक असते, विमा नियामकाच्या प्रमाणित यादीतलं बारा क्रमांकाचं कलम. दुसरीकडे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारूशी संबंधित मानसिक स्थितींना मानसिक आजारात धरतो आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या म्हणतो. या दोन्हींत ओढाताण आहे. नकार आला तर लेखी घ्या, कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथे फी लागत नाही. पण हे पैसे हिशेबात धरू नका. आले तर लेकीच्या खात्यात टाका.

एफडीकडे येते. समजा तिला ७ टक्के मिळतात आणि तिच्यावरचं कर्ज ९ टक्क्यांनी आहे. ९० हजार वापरले तर वर्षाचा निव्वळ भुर्दंड १,८०० रुपये. ओव्हरड्राफ्ट घेतलात तर वापराल तेवढ्यावरच व्याज, आणि एफडी जागेवर राहते. मोडलेली एफडी पुन्हा भरायला आपल्याकडे फारसं कुणी जात नाही, हे मी इतकी वर्षं बघते आहे. खातं दोघांचं असल्याने बँक दोघांच्या सह्या मागेल. भरतीच्या आधी, ते शुद्धीत असताना, त्यांना सगळं नीट सांगून ते काम उरका. त्या खात्याचं कार्ड किंवा यूपीआय त्यांच्या फोनवर ठेवू नका, आणि हे त्यांच्यासमोरच ठरवा. रुग्णालयाचे पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात.

फेडायचे कुठून? तुम्ही लिहिलंय, रोजचे तीनशे दारूत जातात, म्हणजे महिन्याला नऊ हजार. पहिले दोन-तीन महिने ही बचत धरू नका, बाहेरची उधारी वर येईल. त्यानंतर त्यातले तीन-चार हजार तपासणी, समुपदेशन आणि औषधांना राखा. तल्लफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी औषधं डॉक्टर देऊ शकतात. उरलेले कर्जात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नसते. आणि हे आवडणार नाही, तरी सांगते: एफडीतले उरलेले दीड लाख वर्षभर तसेच ठेवा. पुन्हा पिणं होतं, पुन्हा भरती लागू शकते. तसं झालं म्हणून पहिले पैसे वाया गेले असं समजू नका.

लेकीच्या प्रवेशाची एवढी धास्ती नको. सीईटीनंतरच्या केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जागा मिळाली, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी यांपैकी प्रवर्ग असला, तर २०२४ पासून राज्यात मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये तहसीलला उभं राहायला जागा नसते.

भरतीची तारीख मिळेपर्यंत त्यांना एकदम बंद करायला लावू नका, तोवर काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. फिट आली किंवा भान सुटलं तर १०८ ला फोन. दीरांनाही काम द्या: भरतीत रात्री नातेवाईक लागतो, पहिल्या तीन रात्री त्यांच्या नावावर लिहा.