गॅरेजचा कट्टा: एकाच चाकाचं बेअरिंग परत परत का जातंय?

प्रश्न (उचगाव भागातून एक वाचक):

काका नमस्कार. माझी पिकअप आहे, घेऊन सात वर्षं झाली, भाजी भरून आठवड्यातनं चार फेऱ्या चोर्ला घाटातनं गोव्याला असतात, रताळ्याच्या सीझनला मार्केट यार्डाच्या फेऱ्या वेगळ्या. पुढचं डावं चाक जीव नकोसा करून सोडलंय. पहिलं बेअरिंग ९०,००० किलोमीटरला गेलं, भर पावसात, कणकुंबीच्या अलीकडं, चाक इतकं तापलेलं की जवळ हात नेता येईना, टोचन करून आणलो. नवीन जोड घातलो तो १४,००० चालला. परत घातलो, ६,००० चालला. तिसऱ्यांदा मिस्त्रीनं हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत गोल पंच मारून, म्हणजे ठोकून खड्डे पाडून, कप (बेअरिंगची बाहेरची कडी) टाईट बसवला, म्हणाला आता हलणार नाही, तो ३,५०० पण गेला नाही, परत आवाज येऊलाय. दरवेळी चांगल्या कंपनीचं बेअरिंग बिल घेऊन आणतो. उजवं चाक अजून पहिल्याच बेअरिंगवर आहे. मधी ब्रेक पण पहिल्यांदा दाबला की खाली जायचा, दुसऱ्यांदा बरोबर लागायचा, म्हणून मास्टर सिलिंडर (ब्रेकला दाब देणारा पंप) बदललो, फरक काही नाही. बेअरिंगच डुप्लिकेट येतंय का लोड जास्त होतोय? घरात सगळी म्हणतात गाडी विकून टाक.

उत्तर:

गाडी विकू नका, आणि हब हातात घेऊन नीट बघेपर्यंत अजून एक बेअरिंग तर अजिबात घालू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या आकड्यांवरच थांबलो. ९०,०००, मग १४,०००, मग ६,०००, मग साडेतीन. माल डुप्लिकेट असता तर आकडे कसेही वरखाली झाले असते, एखादा जोड वीस हजार चालला असता आणि एखादा दोन हजारात गेला असता. तुमचा आकडा दरवेळी खालीच उतरतोय, म्हणजे काहीतरी दरवेळी थोडं थोडं झिजतंय आणि ते काही बेअरिंगबरोबर बदललं जात नाहीये. लोडचं म्हणाल तर पिकअपचा बहुतेक माल मागच्या एक्सलवर बसतो, आणि लोडनंच जायचं असतं तर उजवं चाक इतकी वर्षं कसं टिकलं असतं? पासिंगपेक्षा जास्त भरत असाल तर ते बंद कराच, पण ह्या दुखण्याचं मूळ ते नाही.

आधी चाकात काय असतं ते बघू, कारण इथंच बऱ्याच जणांचं उलटं होतं. तुमच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंगं आहेत, आतल्या बाजूला मोठं, बाहेर नटाकडं लहान. प्रत्येकाचे दोन भाग, बाहेरची रेस म्हणजे कप आणि रोलरसकट आतली रेस म्हणजे कोन. कप हबमध्ये दाबून बसवलेला असतो, तो हबच्या भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी मोठा असतो, म्हणून प्रेस लावल्याशिवाय आत जाऊच नये. कोन मात्र स्टब एक्सलवर, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या दांड्यावर, हातानं सरकतो आणि तो तसाच सरकायला पाहिजे, नाहीतर नट आवळून प्ले म्हणजे बारीक ढिलाई सेट कशी करणार. म्हणजे कोन सहज गेला तर घाबरायचं नाही, कप सहज गेला तर घाबरायचं.

आता माझा अंदाज सांगतो. पहिलं बेअरिंग पाण्यानं गेलं. डावं चाक रस्त्याच्या कडेनं चालतं, साईडपट्टी, खड्डे, साचलेलं पाणी सगळं त्याच्याच वाट्याला, आणि कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू, मलप्रभेचा उगमच तिथला. घाटात ब्रेक दाबून दाबून डिस्क तापते, डिस्कबरोबर हब तापतो, आतली हवा फुगून बाहेर जाते, आणि असा तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आत ओढ तयार होते आणि ऑइल सीलच्या (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कडीच्या) ओठावरनं पाणी आत खेचलं जातं. ग्रीसचं ताक होतं. मग रोलर कोरडे पडतात, तापतात, एक दिवस जाम होतात, आणि जाम झाले की हब चाकाबरोबर फिरतोय पण कप रोलरला धरून मागं राहतो, म्हणजे कप हबमध्येच फिरायला लागतो. त्या पाच-दहा किलोमीटरमध्ये हबचं भोक मोठं झालं. डोळ्याला दिसणार नाही इतकंच, पण झालं.

दुसरा जोड बसवताना कप बहुतेक दोन हलक्या ठोक्यात आत गेला असेल आणि सगळ्यांना बरं वाटलं असेल की काम पटकन झालं. तो ढिला कप रोज थोडा थोडा सरकत राहिला आणि भोक अजून वाढवत राहिला. म्हणून १४ चे ६ झाले.

आणि पंच. ह्यावर जरा स्पष्ट बोलतो कारण आपल्या भागात हे सर्रास चालतं, मी पण माझ्या सुरुवातीच्या वर्षांत केलंय, गिऱ्हाईक घाईत, माल खराब होतोय, नवीन हब लगेच मिळत नाही. पंच मारला की लोखंड टोकाटोकानं वर उचलतं आणि कप त्या टोकांवर टेकतो. हाताला टाईट लागतो पण पूर्ण गोलाईवर आधार कुठंच नाही. रस्त्याचे दणके बसले की ती टोकं चेपून जातात आणि कप परत मोकळा. त्यात कप पातळ असतो, चार-आठ टोकांवर दाबला की गोल राहत नाही, जरा तिरका पण बसतो, मग सगळा भार मोजक्या रोलरवर. पंच मारून काम चाललं असं मला वाटायचं कारण ती गाडी परत माझ्याकडं यायचीच नाही, दुसऱ्या गॅरेजला जायची.

ब्रेकचं पण ह्यातच आलं. कप ढिला झाला की हब डगडगतो, हबवरची डिस्क डगडगते आणि चालताना दोन्ही ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, मागं ढकलते. मग पहिला ब्रेक दाबताना ती मोकळी जागा भरण्यातच पेडल खाली जातं, दुसऱ्यांदा दाबलं की बरोबर. तुमचा जुना मास्टर सिलिंडर बहुधा चांगलाच होता, टाकला नसेल तर ठेवून द्या. पण हे लक्षण फार वाईट आहे म्हणून हात जोडून सांगतो, काम होईपर्यंत ही गाडी घाटात न्यायची नाही. भाजीची फेरी भाड्याच्या गाडीनं करा, चार पैसे जास्त जाऊ देत.

आता काय करायचं. हब उतरवा, जुने कप बाहेर काढा आणि टाकू नका. कपाची बाहेरची बाजू, म्हणजे जी हबला चिकटते ती, आरशासारखी चमकत असेल किंवा गोल गोल ओरखडे असतील तर तो आत फिरलाय, वेगळा पुरावा नको. हब डिझेलनं धुवा, पुसून कोरडा करा, नवीन कप भोकावर ठेवा आणि अंगठ्यानं दाबा. तो वरच अडून राहिला पाहिजे. अंगठ्यानं आत गेला तर हब संपला. खात्री करायची असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्यांची कमी नाही, बोअर गेज असणाऱ्याकडं जा आणि भोक आडवं-उभं दोन दिशांनी मोजून घ्या, आकडे वेगळे आले तर भोक अंड्यासारखं झालंय.

तुमच्या हबला पंच मारून झालेत त्यामुळं मी तरी नवीन हबच घाला म्हणेन. कोणी सांगेल भोक मोठं करून बुश (आत बसणारी लोखंडी कडी) घालू, काम होतं, पण दोन्ही कपांच्या जागा एकाच सेंटरला यायला पाहिजेत, म्हणजे हब लेथवर एकदा बांधल्यावर न सोडता दोन्ही भोकं झाली पाहिजेत, आणि बुश घातल्यावर हबची भिंत किती उरते ते बघावं लागतं. पुढचं चाक आहे, त्यावर स्टेअरिंग आहे, माझं मन घेत नाही. बेअरिंग पक्कं धरणारं रिटेनर म्हणून लिक्विड मिळतं ते अगदी बारीक ढिलाईला, स्वच्छ भोकात चालतं, पंचाच्या खड्ड्यांवर त्याचा उपयोग नाही.

हब बदलताना स्टब एक्सल तपासायचा सोडू नका. तो निळा-तपकिरी पडला असेल तर त्यानं खूप उष्णता खाल्लीय, डाय (चीर दाखवणारा रंग) लावून चीर आहे का तपासून घ्या, चीर दिसली तर एक्सल बदलायचाच. नवीन कोन सरकवून बघा, सरकू दे पण डुलायला नको. ऑइल सीलचा ओठ जिथं घासतो त्या जागेवर नख फिरवा, नख अडलं तर तिथं खाच पडलीय आणि नवीन सील घालून पण पाणी जाणारच. चाक जॅकवर घेऊन हातानं फिरवा, जड फिरत असेल तर कॅलिपरचा ब्लीडर (ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) सैल करून बघा, लगेच मोकळं झालं तर ब्रेकची होज म्हणजे रबरी नळी आतनं फुगलीय, नाही झालं तर पिस्टन नाहीतर गाईड पिना अडकल्यात.

बसवताना कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हब जरा कोमट करा, मग कप प्रेसवर सरळ जातो. पूर्ण टेकेपर्यंत दाबायचा. कप आणि कोन एकाच जोडातले, जुना कप चांगला दिसतोय म्हणून ठेवायचा नाही. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा कारण दोन जातींचं ग्रीस मिसळलं की पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. डिस्क ब्रेकच्या चाकाला चालणारं, उष्णता सोसणारं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस घ्या, तळहातावर घेऊन कोन त्यात दाबत दाबत रोलरच्या मधनं वर येईपर्यंत भरा, हबची पोकळी मात्र गच्च भरू नका, तिसरा हिस्सा ते निम्मी पुरे.

नट हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग सोडायचा, मग परत हलक्या हातानं टेकवायचा आणि नट फिरू नये म्हणून कॉटर पिन. पिनचं भोक जुळत नसेल तर सैल करून जुळवा, आवळून नाही. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तोच धरा, साधारणपणे प्ले ०.१ मिलिमीटरच्या आतच राहतो, डायल गेज लावलं तर दिसतो. पिन नवीन घ्या. दोनशे किलोमीटर झाल्यावर एकदा चाक उचलून वर-खाली धरून हलवून बघा.

प्रश्न (निपाणीहून):

मागच्या महिन्यात पिकअपच्या बॉडीचं वेल्डिंग केलं, त्यानंतर दहा दिवसांत पुढून विमानासारखा घूं आवाज यायला लागला. वेल्डिंगचा आणि ह्याचा संबंध असतो का? आणि कुठल्या चाकाचा आवाज ते कसं कळणार?

उत्तर:

असू शकतो, आणि तो वेल्डिंग मशीनच्या अर्थची क्लिप कुठं लावली होती त्यावर आहे. वेल्डिंग जिथं चाललंय तिथंच जवळ क्लिप असेल तर करंट चाकापर्यंत जात नाही. पण वेल्डरनं सोयीसाठी ती व्हील नटाला नाहीतर डिस्कला लावली असेल तर करंटला बॉडीतनं तिकडं जायला बेअरिंगमधूनच वाट आहे, आणि रोलर-रेसच्या मधी ठिणग्या पडून रेसवर पत्र्याच्या नाल्यांसारख्या आडव्या रेषा तयार होतात. बेअरिंग उघडल्यावर तशा रेषा दिसल्या की समजायचं. इथनं पुढं वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढायची आणि क्लिप जोडाच्या अगदी जवळ लावायची.

बाजू ओळखायला मोकळा रस्ता बघून हळूच उजवीकडं वळण घ्या, भार डाव्या चाकावर येतो, आवाज वाढला तर डावं. डावीकडं घेताना वाढला तर उजवं. मग चाक जॅकवर घेऊन एका हातानं फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा, खराब बेअरिंगची खरखर हाताला लागते. टायरचा पण असाच आवाज येतो बरं का, म्हणून आधी पुढचे टायर मागं टाकून बघा, आवाज मागं गेला तर खर्च वाचला.

प्रश्न (खानापूर तालुक्यातून):

पुढच्या चाकाचं ग्रीस किती दिवसांनी बदलायचं? आमच्याकडं चार महिने गाडी पाण्यातच असते.

उत्तर:

कंपनीच्या सर्व्हिस बुकात किलोमीटर दिलेले असतात ते पाळाच, पण जांबोटीकडच्या पावसात चालणाऱ्या गाडीला मी एक वेळ जास्तीची सांगतो. पाऊस उघडला की खंडेनवमीच्या आधी दोन्ही पुढचे हब उघडा. तशीही त्या दिवशी आपण गाडी धुऊन पूजा करतो, तर आधी चाकांत बघून घ्या. ग्रीस दुधाळ दिसलं तर सगळं धुवा, बेअरिंगवर गंजाचे डाग नसतील तर तेच बेअरिंग परत चालतं, सील मात्र नवीन, सीलच्या आतल्या स्प्रिंगची बाजू ग्रीसकडं. डाग असतील तर, रोलरच्या अंतराअंतरावर काळ्या रेघा दिसतात त्या, बेअरिंग बदला. आणि वॉशिंगला गाडी दिली की त्या पोराला सांगा, प्रेशरची नळी चाकाच्या मध्यावर आणि आतल्या बाजूनं सीलवर धरू नको, आणि घाटातनं आल्या आल्या गरम चाकावर पाणी मारू नको, अर्धा तास गाडी सावलीत राहू दे.