आधी ओल्या मालाची जागा ठरवा, कोठ्या मागून

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. 35 एकर सोयाबीन, मागून तूर आणि हरभरा. पांदण रस्त्याला लागून एक एकराचा मोकळा तुकडा. धान्य साठवायच्या पत्र्याच्या दोन मोठ्या कोठ्या आणि धान्य वाळवायचा एक ड्रायर घ्यायचा आहे. विक्रेत्याने दिलेल्या नकाशात कोठ्या रस्त्याकडेला आणि ड्रायर मागच्या धुऱ्याला दाखवला आहे, तो बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलं. माझ्या मते तो उलटा आहे. ऑक्टोबरात परतीच्या पावसाने गाठलं की ओली ट्रॉली सगळं आवार तुडवत मागे नेणार कोण? चिखलात ती रुतली की हडंबा (मळणीयंत्र) थांबतो, मजूर बसून राहतात आणि ट्रॉलीतला माल तापायला लागतो.

18 टक्के ओलाव्याच्या सोयाबीनचा ढीग रात्रभर ताडपत्रीखाली ठेवा आणि सकाळी कोपरापर्यंत हात घालून बघा. वरचे दाणे गार लागतात, आत ऊब लागते, कुबट वास येतो. तिथून दाणा काळवंडायला वेळ लागत नाही. म्हणून पहिली जागा ओल्या मालाला द्या. वर पत्रे, खाली काँक्रीट, एका दिवसाचा माल मावेल एवढी आणि ड्रायरला अगदी खेटून. ती रस्त्याच्या बाजूला घ्या आणि कोठ्या आत ढकला.

ड्रायर किती मोठा, हे कोठीवरून ठरत नाही, दिवसाच्या सोंगणीवरून ठरतं. हार्वेस्टरने दिवसाला 10 एकर निघालं आणि एकरी 7 क्विंटल धरलं तर 70 क्विंटल ओला माल दारात येतो. 20 क्विंटलच्या ड्रायरला भरणं, वाळवणं, गार करणं धरून एका घाण्याला, म्हणजे एका वेळी भरलेल्या मालाला, पाच तास लागले तर चार घाण्यांचे 20 तास होतात. शेतीच्या फीडरवर थ्री फेज आठ तास, तीही कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे एकतर जनरेटर, नाहीतर सोंगणी रोज तीन एकरांच्या आसपास आणणं. मी दुसरं करतो. 35 एकरांसाठी मोठा ड्रायर घेऊन तो अकरा महिने झाकून ठेवणं मला पटत नाही. तूर आणि हरभरा आपल्याकडे बहुतेक वर्षी उन्हातच वाळतात.

वाळवल्यावर वजन घटतं म्हणून घरची मंडळी नाराज होतात, तेव्हा हिशोब आधीच समजावून ठेवा. 18 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आणलं की 100 क्विंटलचे 93 क्विंटल 18 किलो उरतात. गेलं ते पाणी. हमीभावाच्या खरेदीची मर्यादा 12 टक्के आहे. 2024 च्या खरिपात केंद्राने ती 15 पर्यंत सैल केली होती, पण ती सूट दरवर्षी मिळेल असं धरून चालू नका. बियाण्याचा माल असेल तर त्याचा घाणा वेगळा लावा आणि हवा 40 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. नाहीतर दाणा वरून छान दिसतो आणि उगवत नाही.

आता कोठ्या. तीन मीटर व्यासाच्या आणि तीन मीटर उंच कोठीत साधारण 15 टन सोयाबीन मावतं. तुमचं 24-25 टन होईल, म्हणजे दोन पुरतात. एकच मोठी घेऊ नका. माल तापला तर एकीतून दुसरीत फिरवता येतो, आणि जानेवारीत तूर आली की एक रिकामी करून धुवून घेता येते. दाणा वर चढवणारा एलिव्हेटर मधे ठेवा आणि कोठ्या त्याच्या दोन बाजूंना, जवळ. नळीतून दाणा आपोआप घसरायला उतार 45 अंशांचा तरी लागतो, म्हणजे कोठी जेवढे मीटर लांब तेवढे मीटर एलिव्हेटर जास्त उंच. कोठीचं तोंड सहा मीटरवर आणि आडवं अंतर तीन असेल तर नळी नऊ मीटरवरून निघते. अंतर सहा केलं की बारा मीटर. हा पैसा नकाशा काढतानाच वाचतो, नंतर नाही.

पायाबद्दल मात्र माझं ऐकाच. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माझ्या पहिल्या कोठीचा पाया बसवणाऱ्याने दोन फुटांवरच थांबवला. खाली अजून काळीच होती आणि मी बघत असूनही काही बोललो नाही. दुसऱ्या मे महिन्यात ओट्याला तडा गेला, कोठी एका बाजूला चार बोटं झुकली आणि खालची झडप लागेना. सगळा माल पोत्यांत भरून काढावा लागला. मुरूम लागेपर्यंत खोदा, मग वर बांधा, आणि ओटा आवारापेक्षा दोन फूट तरी उंच घ्या. एलिव्हेटरच्या खड्ड्याला आतून पाणीबंद गिलावा करा. काळ्या मातीत तो विहिरीसारखा भरतो.

ड्रायरच्या भट्टीत पऱ्हाट्या आणि तुराट्या (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्या) उत्तम जळतात, आपल्याकडे त्यांची कमी नाही. पण धूर दाण्याला लागता कामा नये. भट्टीची गरम हवा नळ्यांतून फिरवून वेगळी हवा तापवणारीच घ्या. पऱ्हाट्यांची गंजी आणि कुटार भट्टीपासून लांब, वारा जिकडून येतो त्या अंगाला रचा. दिवाळीच्या सुमारास वारा बहुतेक उत्तर-पूर्वेकडून येतो, म्हणून घर त्या अंगाला आणि ड्रायर त्याच्या दक्षिण-पश्चिमेला बसला तर भूस घरात शिरत नाही. खांबाला फडकं बांधून आठ दिवस स्वतः बघा.

आणि घरातल्या पोरांना आजच सांगून ठेवा. खालून माल निघत असताना कोठीत उतरायचं नाही, काठीने ढोसायलाही नाही. दाणे पायाखालून ओढले जातात आणि माणूस काही सेकंदांत कमरेपर्यंत गाडला जातो. मग दोघांनी ओढूनही निघत नाही. वरच्या झाकणाला कुलूप लावा आणि चावी एकाच माणसाकडे ठेवा.

विक्रेत्याला आगाऊ रक्कम देण्याआधी एक सकाळ काढा. फक्कीने (चुन्याच्या भुकटीने) जमिनीवर ओल्या मालाची जागा, ड्रायर, दोन कोठ्या, खड्डा, सगळं खऱ्या मापात आखा. मग भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर रस्त्यावरून आत आणा, रिकामा करा आणि मागे न घेता बाहेर काढा. जिथे चाक फक्कीवर गेलं तिथे आखणी सरकवा. गावात कुणाकडे दहाचाकी ट्रक येत असेल तर त्यालाही एकदा वळवून बघा. मालाचा ट्रक पांदणीतच उभा राहिला तर पोती डोक्यावरून न्यावी लागतील. आखताना वर पण बघा. तुमच्या तुकड्यावरून विजेची लाईन जाते असं तुम्ही लिहिलं आहे. एलिव्हेटर उभा करतानाच धोका सगळ्यात जास्त असतो, म्हणून लाईनखालची आणि तिच्या आसपासची पट्टी पूर्ण मोकळी सोडा. आखणी झाली की मापं इथे टाका, मी बघतो.