बायपास झालेल्या वडिलांना युरिक ॲसिडसाठी फेबुक्सोस्टॅट चालेल का?

आधीच सुरू असेल तर स्वतःहून बंद करू नका, पण हृदयाच्या डॉक्टरांना लगेच विचारा. हृदयरोग्यांमधल्या मृत्यूंवरून अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2019 मध्ये या गोळीवर ठळक इशारा छापायला लावला. 2020 च्या युरोपातल्या अभ्यासात मात्र तो धोका दिसला नाही. तरी खबरदारी म्हणून सहसा आधी युरिक ॲसिडचीच दुसरी गोळी, ॲलोप्युरिनॉल, देतात, किडनी बघून, कमी डोसपासून. तिने अंगावर पुरळ आलं तर ती थांबवून तडक डॉक्टर गाठा.

मला जास्त भीती दुखण्यावरच्या गोळीची वाटते. सासऱ्यांच्या पायाचा अंगठा युरिक ॲसिडने रात्रीत लालबुंद झाला, चादरीचा स्पर्शही सोसेना. नौपाड्यातल्या एका मेडिकलवाल्याने सरळ डायक्लोफेनॅक हातात ठेवली. हृदयाला धोक्याची गोळी, तीही स्टेंटवाल्या माणसाला! अशा दुखण्यावरची दुसरी गोळी, कोल्चिसिन, हीही विचारूनच, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसोबत तर नकोच. हृदयासाठीच्या ॲस्पिरिनने युरिक ॲसिड थोडं वाढतं, पण म्हणून ती सोडायची नाही.